नामशेष झालेली प्रथा

"कामगार संप नुसता करतो, संप कळतो इतिहासकाराला," असं धाकटा एकदा ताटावर बसून म्हणाला होता. वाढत होती ताई. छापखान्याच्या बांधणी खात्यात छापील कागदांच्या फर्म्यांना घड्या घालून तिनेच या भावाला शिकवलं होतं.

धाकट्याने जन्मात संप केला नाही, पण संपांवर पोटभर जगला. पहिल्या पुस्तकावर विद्यापीठात नोकरी, दुसऱ्यावर घर, तिसऱ्यावर विमानाच्या वाऱ्या. मोर्चातल्या म्हाताऱ्यांना चहा पाजून आठवणी काढून घ्यायचा, पुढे रस्त्यात ओळख द्यायचा नाही. सभेत मूठ आवळायचा. घरी मोलकरणीने सुट्टी मागितली की त्याचं डोकं दुखायचं.

चौथं पुस्तक ताईच्याच छापखान्यात आलं, आणि दोन जुन्या बायांना काढलं म्हणून बांधणी खात्याने काम बंद केलं. धाकट्याला विभागप्रमुखाच्या खुर्चीसाठी पुस्तक तातडीने हवं होतं. मालकाने बाहेरची माणसं बसवून प्रती बांधून घेतल्या आणि त्याला निरोप धाडला.

सकाळी तो छापखान्याच्या फाटकाशी हजर. संपावरच्या बायका तिथेच उभ्या होत्या.

"ताई, जरा सरक. गठ्ठा उचलतो नि निघतो."

"आमच्या जागी बसवलेल्यांनी बांधलंय ते. नेशील?"

"माझा पाठिंबा आहेच की! प्रस्तावनेत लिहिलंय."

"मग प्रस्तावना तेवढी ने."

ताईच्या शेजारी उभी असलेली बाई फिस्कन हसली. "भाऊ शहाणा गं तुझा! भांडी आम्ही घासायची, ढेकर याने द्यायची."

"अहो, मी कामगार थोडाच आहे? मला कसला संप?" म्हणत तो आत गेला.

बायका ताईकडे बघू लागल्या. संपात फाटक ओलांडलेला माणूस परत येताना त्याला शिवी द्यायची नाही. सगळ्यांनी त्याच्याकडे पाठ करून उभं राहायचं, ही त्यांच्या आयांपासूनची रीत. धाकट्याला ती ताईनेच सांगितलेली. त्याने त्या रीतीवर अख्खं प्रकरण लिहिलं आणि शेवटी, कुणालाही न विचारता, ही प्रथा नामशेष झाल्याचं ठरवून टाकलं.

ताईला दुसरं सख्खं कुणी नव्हतं. पण आज त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली, तर उद्या या बायकांत कुठल्या तोंडाने बसणार?

गठ्ठा छातीशी धरून तो आला. एकेक पाठ फिरली. ताई तेवढी तशीच उभी. तिला पाहून तो हसला. ते हसू तिच्या ओळखीचं होतं: ताट समोर येणारच, अशा खात्रीने पाटावर बसलेल्या माणसाचं.

ताईने पाठ केली.

मागे पावलं क्षणभर अडखळली. मग धाकटा फाटकाबाहेर निघून गेला.