भागवतनं नाकारलेली मुलगी

भागवत गेल्याचा फोन आला तेव्हा मी धारूरला शाळेत परिपाठ घेत होतो. फोन त्याच्या वडवणीच्या खोलीशेजारी राहणाऱ्या एका पोराचा होता. "गुरुजी, भागवतमामा गेले. दाढी करता करता पडले. अर्ध्या गालाला साबण तसाच हाय..." मी मित्र म्हणवणारा माणूस, पण खरं सांगतो, मला आधी वाईट वाटलं नाही. मनात पहिला विचार आला तो हा, की शेवटीसुद्धा आरशासमोरच गेला, दुसरं काय होणार होतं. मग मी मुलांना प्रार्थना पूर्ण करायला लावली, हजेरीवर सही केली आणि मोटारसायकल काढली.

भागवत पंचेचाळिशीचा, बिनलग्नाचा, वडवणीच्या एका रेडिमेड कापडाच्या दुकानात शर्ट-पँट विकणारा माणूस. एवढ्यात त्याची ओळख संपते असं मी बरीच वर्षं लोकांना सांगत आलो. मी आणि तो एका गावचे, एका वर्गातले. पुढं मी बीडला डी.एड. करत होतो आणि तो कॉलेजच्या नावाखाली दिवस काढत होता, तेव्हा तीन वर्षं आम्ही एका पत्र्याच्या खोलीत राहिलो. त्या खोलीत एक चूल, दोन ताटं, एक पेटी आणि भागवतचं सौंदर्यशास्त्र एवढंच सामान होतं. त्याच्याकडे शर्ट दोनच, पण गादीखाली पँट अशी घडी घालून ठेवायचा की रात्रभर त्याला कुशीवर वळायची चोरी. इस्त्री नव्हती म्हणून तांब्यात निखारे भरून तो कॉलर सरळ करायचा, आणि मी भाकरीसाठी पेटवलेल्या चुलीतले निखारे त्यासाठी पळवायचा. दाढी झाली की तुरटी, तुरटी झाली की पावडर, पावडर झाली की मागच्या खिशातला कंगवा. मग दारात उभा राहून विचारायचा, "कसं दिसतंय बे?" मी म्हणायचो, "तव्याला पावडर लावल्यासारखं." तो काळा होता, आणि मी हे त्याला रोज सांगायचो. तो हसायचा आणि भांग पुन्हा पाडायचा.

मला त्याचा तिटकारा का वाटायचा, याचा आता विचार करतो तेव्हा उत्तर फारसं शोभेचं नाही. त्याचे आईबाप दसरा झाला की ऊस तोडायला जाणारे. पाचटात राबणाऱ्या माणसाच्या पोरानं नखं कोरत बसावं हे मला सहन व्हायचं नाही. माझा बाप थोडीफार जमीन बाळगून होता. मी मळक्या शर्टात फिरलो तर साधेपणा, त्यानं स्वच्छ शर्ट घातला तर नखरा. असा माझा हिशेब होता आणि गावाचाही तोच. सुट्टीत तो गावी आला की पारावरची माणसं त्याला हाक मारायची, "या अर्धा कोयता!" ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या माणसाला अर्धाच कोयता म्हणतात, मग तो दोघांचं काम का ओढेना. भागवत त्या हाकेला रामराम घालून पुढं जायचा. शर्टाची बाही दुमडलेली, चपला धुतलेल्या.

बावीस-तेवीसचा झाला तसा त्याच्या बापानं घाई केली. मुकादम पूर्ण कोयता मागत होता, आणि कोयता पूर्ण करायचा तर सून पाहिजे. आमच्याकडे कित्येक लग्नं अशी हंगामाच्या तोंडावर उरकली जातात, आणि पुन्हा त्याला शुभमंगल म्हणायची आमची हिंमत होते. सिरसाळ्याच्या बाजूच्या एका वस्तीवर स्थळ निघालं. बघायला भागवत, त्याचा बाप आणि 'पोराचा शिकलेला दोस्त' म्हणून मी, असे तिघं गेलो. सकाळी भागवतनं दोनदा दाढी केली. एसटीत सीटवर बसला नाही, पँटची घडी मोडेल म्हणून उभाच राहिला. मी त्यावर वाटभर त्याची टिंगल केली.

मुलगी आली. नाव शालन. साडी तिच्या अंगाला तीनदा गुंडाळली असती तरी उरली असती. वय अठरा सांगितलं. ती अठराची नव्हती हे मला दिसलं, भागवतला दिसलं, त्याच्या बापालाही दिसलं असणार. पण अशा वेळी दिसलेलं बोलायचं नाही हा आमच्याकडचा शिष्टाचार आहे. आज मी माझ्या शाळेच्या भिंतीवर बालविवाहाविरुद्धची पोस्टरं चिकटवतो, वाक्यं मोठ्यानं वाचून घेतो. त्या दिवशी मी पोहे खाल्ले. त्यात शेंगदाणे नव्हते, हे मला अजून आठवतं. दोन्ही बाप कोणत्या कारखान्यावर कधी निघायचं हे ठरवायला अंगणात गेले, बाया चहाला आत गेल्या, आणि खोलीत आम्ही तिघं उरलो. भागवतनं तिला काहीतरी विचारलं, तिनं काहीतरी सांगितलं. तेवढ्यात बाप परत आले आणि मुलीच्या बापानं विचारलं, "मग, पसंत हाय नव्हं?"

भागवत उठून उभा राहिला, पँट झटकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पोरगी सावळी हाय. मला न्हाई पटत."

एवढा काळा माणूस, आणि म्हणतो पोरगी सावळी! मुलीचा बाप ताडकन उठला. "तू कोन लई गोरा लागून गेलास रे?" भागवतच्या बापानं तिथंच पायातली वहाण काढली. आम्ही अक्षरशः पळालो. बसस्टँडवर मी त्याला विचारलं, "कावून असं केलंस बे?" त्यानं कंगवा काढला, केस सारखे केले आणि समोरच्या पाटीकडे बघत राहिला. त्याचा बाप पुढं दोन हंगाम त्याच्याशी बोलला नाही.

मी मात्र भरपूर बोललो. ही गोष्ट मी पारावर सांगितली, शाळेच्या स्टाफरूममध्ये सांगितली, लग्नाच्या पंगतीत सांगितली. दरवेळी ती थोडी वाढली. पावडर जास्त झाली, पोरीचा रंग उजळला, भागवतचा आणखी उतरला. पुढं तीन ठिकाणची माणसं 'पोरगा कसा आहे' म्हणून चौकशीला माझ्याकडे आली, कारण मी त्याचा दोस्त आणि वर गुरुजी. तिघांनाही मी चहा पाजला आणि ही गोष्ट सांगितली. ते पुन्हा त्याच्या दारी गेले नाहीत. मी काही खोटं सांगितलं नव्हतं, अशी माझी समजूत होती. त्याला हे कळायचं. एकदा वडवणीच्या दुकानात भेटला तेव्हा शर्टाची घडी घालता घालता म्हणाला, "सांगत जा बे. लोक हसतेत, बरं वाटतंय." तो चिडलाही नाही याचाच मला जास्त राग आला.

वडवणीत त्याच्या खोलीच्या आसपास भरतीची तयारी करणारी, दुकानांत काम करणारी, बिनलग्नाची पोरं राहायची. ती सगळी त्याला मामा म्हणायची. कुणाचा बघायचा कार्यक्रम ठरला की आदल्या संध्याकाळी पोरगं भागवतच्या खोलीत. मी एकदोनदा ते प्रवचन ऐकलंय. कानामागं धू. नखं काप. सेंट कमी मार, पोरगी शिंकती. मोजे कालचे घालू नको, चपला दारात काढल्यावर समद्यांना कळतंय. अन् तिथं गेल्यावर फोनकडं बघू नको, तिला आदी बोलू दे. पोरं वहीत लिहून घ्यावं तसं मन लावून ऐकायची. मला हसू यायचं. ज्याला स्वतःला जमलं नाही तो शिकवणी घेतोय, असं मी घरी येऊन बायकोला सांगायचो. आमच्या भागात पोरांना मुली मिळत नाहीत आणि ही पोरं त्याचं खापर आपल्या भांगावर फोडतात, याची मला कीव यायची.

तर, त्या दिवशी त्याला गावी आणलं. उरलेली अर्धी दाढी गावच्या न्हाव्यानं पुरी केली. मग वडीलधाऱ्यांनी ठरवलं, भागवत बिनलग्नाचा गेलाय, असा जाळता येत नाही, त्याचं रुईच्या झाडाशी लग्न लावलं पाहिजे. आमच्याकडे अशी रीत आहे. ज्या गावानं त्याला बावीस वर्षं अर्धा म्हणून हिणवलं, तेच गाव ओढ्याकाठची रुईची फांदी तोडायला धावलं. त्याला हळद लावली. रुईच्या फुलांच्या मुंडावळ्या बांधल्या. इस्त्रीचा शर्ट हळदीनं माखला आणि कोणाला त्याचं काही वाटलं नाही. फांदी त्याच्या शेजारी ठेवली, कोणीतरी तांदूळ टाकले. सगळे गप्प होते, आणि मला गप्प बसवेना. मी म्हणालो, "हिला तरी सावळी म्हणू नको म्हणावं."

मयतीत हसू नये म्हणून लोकांनी उपरणी तोंडाला लावली. पण खांदे हलत होते. मला बरं वाटलं, हेही लिहून टाकतो.

दहाव्यानंतर मी त्याची खोली रिकामी करायला वडवणीला गेलो. घरमालकानं किल्ली दिली. खोलीत दोरीवर तीन शर्ट, हँगरला, बटणं सगळ्यात वरपर्यंत लावलेली. मी ते पिशवीत कोंबत होतो तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. पस्तिशीच्या पुढची, पांढरा कोट हातावर टाकलेला. म्हणाली, "मी सिस्टर हाय. दवाखान्यात. तुमी मला वळखलं न्हाई. मी शालन."

मी 'बसा' म्हणालो. ती बसली नाही.

"रुईपाशी तुमी जे बोलला ते माझ्यापतोर आलं," ती म्हणाली. "म्हनून आले. त्या दिवशी भागवतभाऊंनी मला इचारलं, तुला शिकायचंय का? मी म्हनले, माझी नववीची सहामाही चालू हाय, मला तोडीला जायचं न्हाई. ते म्हनले, तू काई बोलू नको, मी बघतो. मी नको म्हनले असते तर बापानं मला जित्ती ठेवली नसती. त्यांनी समदं सोतावर घेतलं. बाप इतका चिडला, म्हनला सावळी काय, आता हिला शिकवूनच दावतो. मला शिकायला माझ्या मामाकडं ठेवली."

मी म्हणालो, "पण त्यानं मला कधी सांगितलं नाही."

"तुमाला कशाला सांगायचं?" तिचा आवाज चढला नाही. "तुमी तिथंच होता की. दोन हातांवर, पोहे खात. मी दोघांकडं बघून बोलले होते."

मी आठवून पाहिलं. खूप ताण देऊन पाहिलं. मला शेंगदाणे आठवले.

ती पुढं म्हणाली, "नवऱ्याला शर्ट घ्यायला त्यांच्या दुकानात गेलते तवा त्यांनी मला वळखलं. माझा बाप वारला तवा मी म्हनले, भाऊ, आता सांगू का लोकांना? तर हसले. म्हनले, ऱ्हाऊ दे, गुरुजीची गोष्ट बिघडंल." मग तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली, कोंबलेले शर्ट बाहेर काढले, एकेक करून नीट घडी घातली आणि पुन्हा ठेवले. जाताना म्हणाली, "तुमी जितक्या लोकांना ते सांगितलं, तितक्यांना हेबी सांगा."

जितक्या लोकांना! त्यांतले कित्येक आता नाहीत. ती तीन स्थळंही कुठं असतील कोण जाणे. त्या मुली आता सासवा झाल्या असतील. म्हणून हा लेख लिहायला घेतला. पण आमच्या गावात पेपरची पुरवणी भजी बांधून आली तरच वाचली जाते, म्हणून आधी गेल्या रविवारी गावी गेलो. पारावर नेहमीची सात-आठ माणसं होती. मी उभा राहून सगळं सांगितलं. परीक्षा, साडी, बाप, पोहे, ती तीन स्थळं आणि मी. काही वगळलं नाही.

मग एक म्हातारा तंबाखू मळत म्हणाला, "असंल, असंलबी. लई येडं होतं मग ते. सोताचं वाटोळं केलं की." दोघातिघांनी माना हलवल्या. मग तोच म्हातारा माझ्याकडे वळला. त्याच्याशेजारी मयतीला न आलेला एक पाहुणा बसला होता, त्याच्या मांडीवर थाप मारून म्हणाला, "पर गुरुजी, तुमचं ते रुईचं लई भारी होतं बरं का. ह्या पाव्हण्याला सांगा की एकदा."

मी नाही म्हणालो. मग त्यानंच सांगितलं. माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. पाहुणा मोठ्यानं हसला, बाकीचे हसले, आणि सवयीनं मीही हसलो.