चारच्या उन्हातला टोमॅटोहार

जुन्नरच्या बाजारात सोन्याची दुकानं पुष्कळ आहेत. पण सोनं विकण्याविषयी माझ्या मामाइतका अनुत्सुक सोनार सह्याद्रीच्या या अंगाला झाला नाही, आणि पलीकडच्या अंगाला झाला असेल असंही मला वाटत नाही. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं की मामाच्या कपाळाला आठी पडे. दुकानात ट्यूबलाइट होती, पण ती झुरळं पाहण्यापुरती. दागिना पाहायचा तो उन्हात, आणि तोही दुपारी चारच्या. सकाळचं ऊन लाघवी असतं, ते खोटं बोलतं. बाराचं उर्मट, ते बोलूच देत नाही. चारचं ऊन तेवढं खरं, असा त्याचा सिद्धांत होता. लग्नाच्या खरेदीला पेठहून आलेल्या एका अख्ख्या वऱ्हाडाला त्यानं सकाळपासून चहावर बसवून ठेवलं आणि चारला भर रस्त्यात उभं केलं. मागून मढला निघालेली एसटी आली. मामा हार हातावर तोलून, मान तिरकी करून उभा. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "ओ मामा, बाजूला व्हा, गाडी काढायचीय!" मामा मागं न बघता म्हणाला, "थांब रे भाऊ, उजेड उतरतोय." "मग त्याला पुढच्या थांब्यावर उतरवा की!" सगळा बाजार हसला. वऱ्हाडही हसलं, आणि हसत हसतच शेजारच्या दुकानात ट्यूबलाइटखाली खरेदी करून मोकळं झालं.

इथवर आम्ही त्याला सांभाळून घेत होतो. पण पुढं त्याची दाढ दुखायला लागली. पुण्यातल्या दातांच्या दवाखान्यात नंबराची वाट बघताना एका गुळगुळीत मासिकात त्याला परदेशातल्या बड्या जवाहिऱ्याचे दागिने दिसले. प्रकाश, रंग आणि निसर्ग यांच्यापासून स्फुरलेलं कलेक्शन, असं त्याखाली छापलेलं होतं. दाढ तोंडात तशीच ठेवून आणि ते पान खिशात घालून मामा परत आला. "हे तिन्ही आपल्याकडं फुकट हायेत," तो मामीला म्हणाला, "आन् आमी जन्मभर मणी ओवत बसलोय!" मामी ज्वारी निवडत होती. "मग बोरमाळ कशावरनं काढली? चिंचपेटी? करंजफूल? ही माझ्या गळ्यातली जोंधळी पोत? समदं रानातलंच हाये की." मामा कळवळून म्हणाला, "अगं ती नुसती नावं. त्यात प्रेरणा न्हाई." "नसंल बाई. दाढ काढली का पण?"

त्या दिवसापासून 'दागिना' हा शब्द दुकानातून हद्दपार झाला आणि मामा प्रेरणेच्या मागे लागला. मढकडे धरणाच्या पाण्यावर रोहित पक्षी उतरलेत असं कळताच तो गुडघाभर चिखलात दिवसभर उभा राहिला आणि ताप घेऊन आला. "पक्षी चांगले हायेत," रजईतून त्यानं निकाल दिला, "पण गुलाबी रंग घालताना देवानं हात आखडला." बिबट्याच्या डोळ्यांतली चमक अभ्यासायला म्हणून तो दिवस मावळताना उसाच्या बांधावर जाऊन बसला, तेव्हा वनरक्षकानं त्याला दंडाला धरून घरी आणून सोडलं. तरी बिबट्याच्या डोळ्यांची कर्णफुलं झालीच. ती कानात घालून बघितलेल्या एका बाईचं पोर तिच्याकडं जाईना. द्राक्षाच्या घडांचे झुमके असे भरघोस झाले की कानाच्या पाळीला मांडव घालावा लागला असता. प्रत्येक वस्तूपुढं मामानं स्वतःच्या अक्षरातलं कार्ड ठेवलं. 'या झुमक्यात कुकडीकाठची पहाट थबकली आहे.' एका पाहुण्यानं ते मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "वजन किती?" मामानं दुखावून आपलं ठरलेलं उत्तर दिलं, "पहाटेचं वजन इचारता, पावणं?" पाहुणा समजूतदार होता. "बरं, ते ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला, "मोडीत काय भावानं घ्याल?" त्या दिवशी मामा जेवला नाही.

खरं म्हणजे विक्रीची त्याला आस नव्हती. "एक न्हाई खपलं तरी चालंल," तो म्हणे, "घरच्या बाईनं एकदा अंगावर घालून चारच्या उन्हात उभं ऱ्हावं. तवा कलेक्शन पुरं झालं." घरची बाई म्हणजे मामी, आणि तिच्यासाठी केलेली वस्तू म्हणजे टोमॅटोहार. लाल खड्यांचे, पैलू पाडलेले, लहानापासून मोठे होत गेलेले टोमॅटो आणि देठांना हिरवा मिना. उजेड आरपार जावा म्हणून खड्यांची पाठ त्यानं उघडी ठेवली होती. घरात कुणाचंही लग्न निघालं की तो डबी उघडून मामीच्या पुढ्यात ठेवी, आणि मामी ती मिटून जोंधळी पोतीवरच निघे. "टोमॅटो घालून लग्नाला जाऊ? बाया कोशिंबीर करतील माझी!"

अशात त्यानं लेण्याद्रीच्या रस्त्यावरच्या एका हॉलमध्ये प्रदर्शन मांडलं, ते नेमकं भाव पडल्यामुळं लोक रस्त्याकडेला टोमॅटो ओतत होते त्या आठवड्यात. आमच्या भागात राहून ही चूक फक्त मामाच करू शकत होता. पहिलाच शेतकरी आत आला आणि हारापुढं थिजला. "राव, ह्याचं तोंड बघवंना म्हणून मी रानात जायचं सोडलंय, अन् तुमी ह्याला मखमलीवर बसवलंय!" पुढच्या वर्षी भाव आभाळाला भिडले तेव्हा तोच गृहस्थ दुकानात डोकावला. "मामा, आता मधलं सोनं काढा, नुसते टोमॅटोच ओवा." दोन्ही वेळा मामानं मामीकडं पाहिलं. दोन्ही वेळा ती म्हणाली, "पुढच्या लग्नाला बघू."

पुढचं लग्न निघायच्या आतच, गेल्या थंडीत, मामा गेला. दाढ शेवटपर्यंत होती तिथंच होती.

दहाव्याला सगळे जमलो होतो. दुपारी पेठची माझी थोरली मावशी मामीजवळ बसली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "वैनी, गळ्यातलं उतरवायला पायजे. रीत हाये." मामीनं मंगळसूत्र काढलं, जोंधळी पोत काढली आणि नणंदेच्या ओंजळीत ठेवली. मग म्हणाली, "तुमची रीत झाली. आता कुणी जाऊ नका. चार वाजू द्या."

कुणी गेलं नाही. चार वाजता मामी आतून आली, ती टोमॅटोहार घालून. मावशीनं तोंडाला पदर लावला. मामी दुकानाची पायरी उतरली आणि थेट रस्त्यात जाऊन, तो उभा राहायचा तिथं, उभी राहिली. ऊन खड्यांतून आरपार गेलं. तिच्या पांढऱ्या लुगड्यावर, दुकानाच्या फळीवर, मावशीच्या पदरावर लाल लाल ठिपके पडले. मावशीनं ते झटकायला हात उचलला, आणि तसाच ठेवला. मागून मढची गाडी येऊन थांबली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला नाही. त्यानं इंजिन बंद केलं.

मामीनं हाराला हात लावला. "लई वजन हाये हो ह्याला," ती दुकानाच्या दाराकडं बघून म्हणाली.

यावरचं उत्तर आम्हा सगळ्यांना पाठ होतं. पण ते द्यायचा मान त्याचा होता, म्हणून ऊन उतरेपर्यंत आम्ही सगळे गप्प उभे राहिलो.