आखाड्यावरची दुर्बीण आन माझा ध्रुव

माझ्या हातात आलेली मशीन बिघडलेली म्हणून कधी परत गेली न्हाई. निम्म्या तर परतच गेल्या न्हाईत, सुट्या होऊन माझ्या दुकानातच पडल्यात.

मानवतात माझं मोटारी भरायचं दुकान व्हतं. विहिरीवरची मोटार जळली की लोक माझ्याकडं आणायचे. शाळा मी दुसरीत सोडली. मास्तर म्हणायचे मी शाळेला सोडलं न्हाई, शाळेनं मला सोडलं. तरी मिस्त्री म्हणून गावात नाव व्हतं, आन त्या नावानंच माझी फजिती केली.

विद्यापीठाच्या नामांतराचा वाद चालू व्हता तवाची गोष्ट. उन्हाळा लागायचा व्हता. शाळेतले सायन्सचे सर दुकानात आले. त्यांचा मेव्हणा परदेशात इंजिनेर. तो गावी आला तवा एक दुर्बीण घेऊन आला, आन ती सरांकडं ठेवून नागपूरला पाहुण्यांकडं गेला. रविवारी येऊन परत न्हेणार.

"मिस्त्री," सर म्हणले, "मी वर्गात मृग नक्षत्राचा फोटो दाखवला. मृगाच्या बाणाखाली एक धुरकट ठिपका असतो, तिथं नवे तारे तयार होतात. तर एक पोरगी म्हणाली, सर, हे पुस्तकातलं आभाळ आहे, आपल्या गावावर असलं कुठं असतंय? मी शब्द देऊन बसलो. म्हणलं, मानवतच्याच आभाळाचा फोटो आणून भिंतीला लावतो. आता रविवारपर्यंत काढायला पाहिजे."

मी म्हणलो, "म्हणजे झालाच समजा."

आमचा आखाडा, म्हणजे शेतातलं घर आन गोठा, गावाबाहेर, तिथं दिव्यांचा उजेड येत न्हाई. मंगळवारी दिवस मावळल्यावर सर सायकलवर पेटी बांधून आले. तिपाईवर मशीन बसवली. तिच्यात कॉम्प्युटर. हातात धरायची एक डबी, तिच्यावर बटनं, लाल आकडे. बटन दाबलं की मशीन आपोआप त्या ताऱ्याकडं तोंड करती आन त्याच्या मागं मागं फिरत ऱ्हाती. मी आयुष्यात असली शहाणी मोटार बघितली नव्हती. ट्रॅक्टरची बॅटरी लावून दिली तशी ती गुरगुरली, आन मलाच शहाणं झाल्यागत वाटलं.

सर पुस्तक वाचून सांगत व्हते. "हिचा कणा, म्हणजे फिरायचा आस, ध्रुवाकडं पाहिजे. न्हाईतर तारा एकीकडं जातो, मशीन दुसरीकडं, आणि फोटोत ठिपक्याच्या रेघा होतात. मिस्त्री, ध्रुव नक्की कोणता? आमच्यात लग्नाला बुद्धवंदना होते, ध्रुव दाखवत न्हाईत. मला तो पुस्तकातूनच माहीत, आणि डोळ्याला हा नंबर."

"सर, मी तर लग्नात बायकोला हातानं दाखवलाय," मी म्हणलो. "तो बघा, गोठ्याच्या पत्र्यावर. जरा तांबूस हाय तोच."

सर सप्तर्षीकडं बघत म्हणले, "हिशोबानं जरा डावीकडं यायला पाहिजे."

"डावीकडं लिंबाचं झाड हाय सर. झाडात कुठला तारा?"

मशीनचा उंचीचा काटा पुस्तकाप्रमाणं गावाच्या अक्षांशावर, एकोणीसवर, तारा बी तेवढाच वर. कणा माझ्या ताऱ्यावर लावला. सरांनी मृगाचं बटन दाबलं तर मशीननं भलतीकडंच तोंड केलं. मग बटनं दाबत दाबत तिला ओढून मृगावर आणलं. वर कॅमेरा लावला. दहा मिनिटं झडप उघडी ठेवायची, तवर कुणी हालायचं न्हाई.

दहा मिनिटं. माझं बूड दोन मिनिटं एका जागी टिकत न्हाई. मी उठलो, बसलो, बॅटरीला हात लावून बघितला. सर म्हणले, "मिस्त्री, तुम्ही चाललात की जमीन हालते." मला लांब बाजेवर बसवलं. तिथं मी बाज वाजवत बसलो.

बुधवारी सर एसटीनं परभणीला जाऊन रोल धुऊन आले. फोटोत तारे न्हाईत, नुसत्या शेवया.

मी म्हणलो, गेअर. सर घरी गेल्यावर आखाड्यावर ठेवलेली मशीन खोलली, ट्रॅक्टरचं ग्रीस भरलं, बंद केली. एक वायसर उरला. तो खिशात घातला. संध्याकाळी मशीन खडखड करायला लागली तवा खिशातला वायसर मलाच टोचायला लागला. सरांसमोर परत खोलून बसवला. सरांनी नुसता कंदील धरला. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

त्या दिवशीच्या फोटोत बी शेवया. मग मी बॅटरी बदलली. मग म्हणलो, काळ्या रानात तिपाईचे पाय रुतायलेत, म्हणून खाली फरशा घातल्या. शुक्रवारी नामांतरावरनं बंद, एसटी एक बी सुटली न्हाई, रोल सरांच्या खिशातच ऱ्हायला. मी दिवसभर दुकानातनं स्टँडवर आन स्टँडवरनं दुकानात. दोन गिऱ्हाईकं परत गेली. गाडी न्हाई हे मालूम असून मी चारदा विचारून आलो. कंट्रोलर म्हणला, "तुजं कोण अडलंय परभणीला?"

शनिवारी शेवटचं. दिवसा रोल धुतला, फरशांवरच्या बी शेवयाच निघाल्या. संध्याकाळी सर डबीवर वाकलेले. पोरीला काय सांगायचं ते मनात जुळवत असतील. मी हिकडून तिकडं फेऱ्या घालायलो. बायकू भाकरी घेऊन आली. भाकरी ठेवली आन गोठ्याकडं बघत उभी ऱ्हायली.

"अवो," ती म्हणली, "तुमचा ध्रुव मघा मी चूल पेटवली तवा पत्र्याला टेकला व्हता. आता वीतभर वर गेलाय."

मी म्हणलो, "तुला काय कळतंय त्यातलं."

"न्हाई कळत. पण ध्रुव सरकत नसतो एवढं कळतं."

सर ताडकन उभे ऱ्हायले. "ताई, मग ध्रुव कोणता?"

तिनं लिंबाकडं हात केला. "झाडामागं. आमच्या बापानं लहानपणीच दाखवलाय. दहा पावलं बाजूला या, दिसंल."

आमी तिपाई उचलली, दहा पावलं सरकवली. झाडाच्या कडंला एक तारा, पांढरा, माझ्या ताऱ्यापेक्षा गरीब दिसणारा. कणा तिकडं लावला. सरांनी मृगाचं बटन दाबलं. मशीन गुरगुरत फिरली आन कुणी न ओढता बरोबर मृगावर जाऊन थांबली. त्या दहा मिनिटांत मी हाललो न्हाई.

रविवारी सकाळी मेव्हणा मशीन घेऊन गेला. आता चुकलं असलं तर दुरुस्ती न्हाई. सोमवारी मी दुपारपासनंच स्टँडवर. सर गाडीतनं उतरले आन फोटोचं पाकीट माझ्या हातात दिलं. तारे मोहरीएवढे, गोल. बाणाखाली बोंडातनं कापूस फुटावा तसा पांढुरका ठिपका. आमच्या आखाड्यावरचं आभाळ. दुसऱ्या दिवशी फोटो वर्गाच्या भिंतीला लागला.

रात्री जेवताना मी बायकोला विचारलं, "लग्नात मी चुकीचा तारा दाखवला, तवा का बोलली न्हाईस? भटजीनं इचारलं, दिसला का, तर तू मान हालवलीस."

तिनं ताटात कालवण वाढलं.

"तवा बोलून काय नवरा बदलणार व्हता? शनिवारी सरांचा फोटो हातचा जायला लागला, म्हणून बोलले."