लोकर कोंबलेली घंटी

कॉलेजात मी पहिलं टिपण वाचलं ते एका कार्टूनवर. हे सांगताना अजूनही थोडं अवघडल्यासारखं होतं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि पहिल्या माणसानं काहीतरी भारदस्त विषयावर बोलावं असं सगळ्यांनाच वाटतं. पण झालं ते असं झालं.

मी तेव्हा बजाजनगरात अक्काकडे राहत होते. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. दाजी वाळूजच्या एका कारखान्यात पाळीवर जायचे. दोन खोल्या, पुढे ओटा, आणि त्या ओळीतला एकुलता एक रंगीत टीव्ही. रविवारी सकाळी शेजारपाजारची चार घरं आमच्या खोलीत येऊन बसायची. त्या हिवाळ्यात एक परदेशी कार्टून मालिका लागायची, सहाच भागांची, हिंदी बोल चढवलेली. दाखवत होते लहान मुलांची म्हणून, पण मुलं भिऊन आयांच्या पदरात शिरायची आणि मोठी माणसं टक लावून बघायची.

गोष्ट साधी होती. एका डोंगरातल्या घरात दोन भावंडं झोपेतून उठतात तर आई घरात नसते. दाराशी बांधलेली त्यांची शेळीही सुटून रानात गेलेली असते. शेळी गेली तिकडेच आई गेली असेल असं धरून पोरं निघतात. रान असं की तिथे कायम तिन्हीसांजच असते. एक नावाडी भेटतो, त्याला तोंडच नसतं. एक बाजार लागतो, तिथे माणसं पैशाऐवजी आपल्या आठवणी देऊन भाकरी घेतात. शेळी मधूनच झाडांमागे दिसते आणि पोरं पोचेपर्यंत नाहीशी होते.

आम्हाला मराठी शिकवणाऱ्या सरांनी त्या वर्षी वाङ्मय मंडळात एक काम दिलं होतं. कोणतीही गोष्ट घ्या, ओवी घ्या, सिनेमा घ्या, आणि तिच्यात न सांगितलेलं काय आहे ते शोधून सगळ्यांसमोर वाचा. माझ्या वर्गातल्या मुलींनी जाड जाड कादंबऱ्या निवडल्या. माझं वाचन तेवढं नव्हतं. औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानापुढून मी रोज जायचे, पण आत गेले ते फक्त क्रमिक पुस्तकांसाठी. म्हणून मी घाबरत घाबरत कार्टून निवडलं. सर हसले नाहीत. "कर की," एवढंच म्हणाले.

चार भाग होईपर्यंत माझं टिपण जवळजवळ तयार होतं. आई मेलेली आहे. रान म्हणजे यमाचा मुलूख, नदी म्हणजे वैतरणी, बिनतोंडाचा नावाडी म्हणजे मृत्यू, कारण तो कुणाशी बोलत नाही. पोरं आईला परत आणायला निघालीत. सगळं नीट बसत होतं. वर्गातल्या ज्या दोघाचौघांनी मालिका पाहिली होती त्यांचंही हेच मत होतं.

पाचव्या भागाच्या रविवारी आबा आले. आबा म्हणजे माझे वडील. आमची मेंढरं तेव्हा गंगापूरच्या बाजूला एका शेतात बसवलेली होती. तिथून ते पायी आले, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. खोलीत शिरायच्या आधी ओट्यावर उभं राहून त्यांनी समोरच्या कारखान्यांच्या शेडांकडे बघितलं.

"हितं आपला मेंढरांचा वाडा बसायचा," ते दाजींना म्हणाले. "त्या पत्र्याच्या जागी बाभळी होत्या."

"मामा, आता तिथं लोखंड चरतंय," दाजी म्हणाले. सगळे हसले. आबाही हसले.

त्यांना टीव्हीसमोर खुर्ची दिली. अक्काने चहा दिला. मालिका सुरू झाली आणि पडद्यावर ती शेळी आली. गळ्यातली घंटी हलत होती. आबांनी कप तोंडाला लावलेला होता. तो त्यांनी खाली ठेवला, उठून उभे राहिले, डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं आणि तसेच थांबले.

आधी कुणालाच काही कळलं नाही. मग शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाबा, दिसत नाही हो मागच्यांना."

"मामा, बसा. कार्टून हाय ते," दाजी म्हणाले. "खोटी शेळी हाय."

"खोटी आसंल," आबा म्हणाले, "पर घर दुखात हाय त्यांचं."

खोलीत हसू फुटलं. एकाने विचारलं, "मग सुतक कुणी धरायचं, दूरदर्शननं?" त्यावर तर बायकाही पदर तोंडाला लावून हसल्या. आणि मीही हसले. ते मला इथे लिहायलाच हवं. आबांनी माझ्याकडे बघितलं, मग ते ओट्यावर जाऊन बसले. चहा तसाच राहिला.

दुपारी सगळे गेल्यावर मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. खरं म्हणजे मला माफी मागायची होती, पण आमच्याकडे बापाची माफी कशी मागतात ते मला माहीत नव्हतं. म्हणून मी विचारलं, "आबा, तुम्ही उठला का?"

"घंटी बघितली नाय का तू?"

"बघितली."

"वाजली का?"

मी आठवून पाहिलं. पाच भागांत ती घंटी एकदाही वाजली नव्हती. आम्हाला वाटायचं टीव्हीचा आवाज खराब आहे.

"तोंडातून पांढरं काय बाहेर आलतं?" आबांनी विचारलं.

घंटीच्या तोंडाशी एक पांढरा झुपका होता. मी तो शोभेचा गोंडा समजले होते. आणि मग मला माझंच लहानपण आठवलं. आजा गेला तेव्हा आबांनी कळपाच्या पुढे चालणाऱ्या म्होरकीच्या घंटीत लोकर कोंबली होती. मी फार लहान होते, तेव्हा कुणी कारण सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. आमच्यात घरचं माणूस गेलं की दहाव्यापर्यंत म्होरकीची घंटी मुकी करतात. वाटेत दुसऱ्या मेंढपाळाला अशी घंटी दिसली की तो थांबतो, मुंडासं काढतो, आणि त्या वाड्यावर चहापाणी घेत नाही.

"कशापायी करतात?" मी विचारलं.

"मेलेल्या माणसाला मेंढराची सवय आसती बाई. घंटी ऐकू आली का त्ये माघारी येतं, कळपामागं हिंडतं. फुडं जात नाय. म्हणून आवाज बंद करायचा."

"म्हणजे त्या गोष्टीतली आई मेली, म्हणून घंटी मुकी केली. माझ्या टिपणात पण तेच आहे," मी म्हणाले.

आबांनी मान हलवली. "आई मेली तर लोकर कुणी घातली? त्या चिमण्या पोरांनी? त्यास्नी काय ठावं? घरातलं मोठं माणूस घालतं. आई हाय घरात. पोरंच गेलीत."

"म्हणून तर त्यास्नी शेळी घावंना," ते पुढे म्हणाले. "आवाज आला आसता तर घावली नसती का?"

रात्रीचं जेवण होईपर्यंत मी मनातल्या मनात सगळे भाग पुन्हा बघितले. नावाडी पोरांशी बोलत नाही, आणि त्यांना माघारीच्या काठाला उतरूही देत नाही. बाजारात आठवणी दिल्या की पोरांना घर पुसट दिसायला लागतं. पहिल्या भागात घरात दोन अंथरुणं सरळ घातलेली होती आणि चूल पेटलेली होती. चूल कुणी पेटवली? माझं सगळं टिपण उलटं झालं होतं, आणि उलटं झाल्यावर जास्त नीट बसत होतं.

मी ते पुन्हा लिहिलं. वाचन होणार होतं त्या दिवशी शहर बंद होतं. नामांतराचा प्रश्न तेव्हा पेटलेला होता. विद्यापीठाच्या नावावरून मोर्चे निघत, कधी एका बाजूचे, कधी दुसऱ्या बाजूचे, आणि बजाजनगरहून येणारी बस नगर नाक्यावरूनच परत फिरायची. कॉलेज उघडलं त्या दिवशी मी माझं टिपण वर्गातल्या मैत्रिणीला दाखवलं. तिची आई नामांतरासाठी तुरुंगात जाऊन आली होती. ती स्वतः मोर्चातून थेट तासाला यायची, घसा बसलेला. आमच्या गावात या विषयावर माणसं वाकडंच बोलत. मी त्या गावची, हे तिला माहीत होतं, तरी डबा ती माझ्याच शेजारी उघडायची.

तिने टिपण वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "'एका लोकरूढीनुसार.' कुणाची रूढी?"

"आमची."

"सांगितली कुणी?"

"आबांनी. आणि आई जिवंत आहे हे पण त्यांनीच ओळखलं."

"मग इथं का नाही ते?"

मी म्हणाले, "मुलं हसतील. म्हणतील, मेंढरं राखणाऱ्याला काय कळतं."

तिने वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली. "आमची माणसं एका नावासाठी इतकी वर्षं लाठ्या खातायत," ती म्हणाली, "आन् तुला बापाचं नाव घ्यायला मुलांची परवानगी लागते."

ती रागाने नाही बोलली. रागाने बोलली असती तर बरं झालं असतं.

पुढे ढकललेलं वाचन शनिवारी होतं. सहावा भाग दुसऱ्या दिवशी लागणार होता, त्यामुळे मी म्हणत होते ते खरं की खोटं हे मलाही माहीत नव्हतं. मी उभी राहिले आणि कागद टेबलावर ठेवला. कागदावर पहिली ओळ 'एका लोकरूढीनुसार' हीच होती. ती खोडायचं धाडस मला आदल्या दिवशी झालं नव्हतं. मी ती वाचली नाही. मी म्हणाले, "हे जे मी सांगणार आहे ते माझं नाही. ते माझ्या वडिलांनी ओळखलं. ते मेंढरं राखतात. त्यांना वाचता येत नाही." मग मी त्यांचं पूर्ण नाव घेतलं, गावासकट. मग आबा टीव्हीसमोर मुंडासं काढून उभे राहिले ते सांगितलं, आणि आम्ही हसलो तेही सांगितलं.

मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "सर, परदेशातल्या चित्रकाराला धनगरांची रीत कशी माहीत असणार?"

थोडे हसले. मी खरं ते सांगितलं, "मला माहीत नाही."

सर खिडकीशी उभे होते. "त्याला माहीत असेल किंवा नसेल," ते म्हणाले. "पण शेळी घंटी घालते आणि ती वाजत नाही, हे मालिका बघणाऱ्या सगळ्यांनीच पाच आठवडे पाहिलं. कारण कुणी विचारलं? मीही नाही विचारलं. मी टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं."

या वेळी हसले ते वेगळं हसले.

रविवारी शेवटचा भाग लागला. पोरं फिरत फिरत आपल्याच घराशी येतात. आत आई बसलेली असते, ताटं दोन वाढलेली. पोरं हाका मारतात, तिला ऐकू जात नाही. उंबरा त्यांना ओलांडता येत नाही. शेळी अंगणात उभी असते. एवढंच. शेजारच्या काकू रडल्या. दाजी म्हणाले, "मामा त्या दिशी बरोबरच उठले."

सोमवारी सरांनी माझं टिपण भित्तिपत्रकावर लावायला सांगितलं. मी स्वच्छ अक्षरात उतरवलं. वर आबांचं नाव लिहिलं, पुढे 'मेंढपाळ', आणि त्याखाली माझं. मैत्रिणीने चारी कोपऱ्यांना टाचण्या लावल्या. मधल्या सुट्टीत मुलं उभी राहून वाचत होती आणि मी लांबून, खांबाच्या आडून बघत होते. माझ्या बापाचं नाव वाचणारी एवढी माणसं मी एका जागी कधी पाहिली नव्हती.

पुढच्या सुट्टीला मी वाड्यावर गेले. आबा एका लंगड्या कोकराच्या पायाला फडकं बांधत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, "आईनं लोकर काढली का शेवटाला?"

"नाही दाखवलं."

"काढाय पायजे," ते म्हणाले. "दहा दिस झाले का काढायची आसती. न्हाय तर राहिलेल्या माणसाचं कसं व्हायचं?" ते पुन्हा कोकराच्या पायाकडे वळले. मग म्हणाले, "आन् माझं नाव कुठं लावलं म्हणलीस?"

"कॉलेजच्या भिंतीवर. माझ्या नावाच्या वर."

तेवढ्यात शेजारच्या वाड्यावरचे चुलते काठी टेकत आले. "काय म्हणती लेक?" त्यांनी विचारलं.

आबांनी फडक्याची गाठ मारली आणि कोकरू सोडून दिलं. "कालिजात बोलती," ते म्हणाले. "सांगती माझंच, पर बोलती चांगलं."