हलक्या वाऱ्याचा पतंग

आमच्या दाजींना, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, खूश करणं अजून कुणाला जमलेलं नाही. व्यंकटराव त्यांचं नाव. मूळचे सिल्लोडकडचे, शेतकऱ्याघरचे. वाळूजच्या एका कारखान्यात त्यांनी उभी हयात माल तपासण्यात घालवली. चांगल्या मालाला हिरवी फीत, वाईट मालाला लाल. निवृत्त होताना लोक शाल आणि घड्याळ घेऊन घरी येतात, हे गृहस्थ उरलेल्या फितींची दोन भेंडोळी घेऊन आले. तेव्हापासून त्यांच्या घरात गळकी बादली, कुरकुरणारी खुर्ची, सैल मुठीची छत्री, सगळ्यांच्या गळ्यात लाल फीत. हिरवी फीत मी त्या घरात एकाच वस्तूवर पाहिली, ताईच्या शिलाई मशीनवर.

माझ्या लग्नात सासरकडून आलेलं कपाट त्यांनी मांडवातच ओळंबा लावून तपासलं आणि दार तिरकं आहे म्हणून परत पाठवलं. तो विषय निघाला की माझे सासरे अजून पाणी मागतात. दुसरं कपाट आलं ते मात्र आजवर हूं की चूं करत नाही, हे नाइलाजानं सांगावं लागतं.

या माणसाचा एकच हळवा कोपरा, पतंग. संक्रांतीच्या आधी शहागंजातून स्वतः पारखून पतंग आणायचे आणि दिवसभर गच्चीवर. पुढं दाजी, मागं चक्री धरून मीनाक्षीताई. दाजी ओरडायचे, "ढील! ढील!" आणि ताईच्या हातातली चक्री भिरभिरत सुटायची. पतंग काटला की नाव दाजींचं, गुंता झाला की ताईचं. त्यांचा एकुलता एक शंतनू याच गच्चीवर वाढला. इंजिनियर झाला, वाळूजला नोकरीला लागला, आणि एक दिवस ती सोडून गोव्याला गेला. तिथं म्हणे लोक पायाखाली फळी घेतात, कमरेला पट्टा बांधतात आणि खोलीएवढ्या पतंगानं स्वतःला समुद्रावरून ओढून नेतात. आमचा पोरगा ते पतंग बनवायला लागला.

त्या दुष्काळाच्या वर्षी त्याचा फोन आला. जेमतेम वाऱ्यातसुद्धा उभा राहील असा हलका पतंग त्यानं बनवला होता. पोर्तुगालात एका कारखान्याला तो हवा होता, आणि पतंगाबरोबर शंतनूही.

"पण बाबा, आधी तुम्ही तपासा," तो म्हणाला. "इथं समुद्रावर वारा कायम असतो. मला मरतुकडा वारा पाहिजे, तो आपल्याकडंच. तुम्ही पास केला तर मी तिकडं जाईन. नाही केला तर हा नाद सोडतो आणि घरी येतो. जुनी कंपनी अजून घ्यायला तयार आहे."

फोन ठेवल्यावर ताई केरसुणी घेऊन उठली. ताईनं शंतनूची खोली रोज झाडायचं अजून सोडलं नव्हतं. मी आपला सरळ माणूस, मी म्हणालो, "दाजी, यात तपासायचंय काय? लाल फीत बांधा आणि मोकळे व्हा. पोरगं घरी येईल."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं त्या कपाटाकडं पाहिलं होतं.

शंतनूचा पतंग कुरियरनं आला, पण शहरात तो उडवायला जागा शोधण्यात आठवडा गेला. जिथं आम्ही पोरपणी क्रिकेट खेळायचो तिथं आता प्लॉटिंगचे दगड, विजेच्या तारा आणि टँकरची रांग. शेवटी पैठणच्या बाजूला नाथसागर गाठला. पाणी इतकं मागं हटलं होतं की एरवी जिथं होड्या चालायच्या तिथं आम्ही गाडी नेली. भेगाळलेली सपाट जमीन, तारा नाहीत, झाडं नाहीत. एका पट्ट्यात पुंजाराम नावाच्या शेतकऱ्यानं गाळात हरभरा पेरला होता. आम्ही तो पिवळाजर्द पतंग पसरून पंपानं हवा भरायला लागलो तसा तो कडेला येऊन उकिडवा बसला.

"पाऊस पाडायचं यंत्र हाय का, साहेब?"

"नाही हो. पतंग आहे."

"मंग लई मोठा हाय," असं म्हणून त्यानं बिडी पेटवली. तिचा धूर जेमतेम हलत होता. शंतनूला हवा होता तसाच मरतुकडा वारा.

दाजींनी पट्टा बांधला. पतंगाच्या दोऱ्या ज्या दांड्याला जोडलेल्या असतात तो हातात घेतला. ताईनं लांब जाऊन पतंग उभा धरला आणि सोडला. तो घराच्या उंचीइतका चढला, थबकला आणि पाठीवर कोसळला. पुन्हा उभा केला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पुंजाराम मदतीला आला, तरी तेच. ऊन चढत गेलं. दाजींच्या कपाळावरून घाम निथळत होता. मला मनातून उकळ्या फुटत होत्या. वाटलं, देवानंच मनावर घेतलंय.

अखेर दाजी खाली बसले. "पडायलाय," ते हळूच म्हणाले. "दर वेळी पडायलाय." त्यांचा चेहरा दुःखी होता की सुटल्यासारखा, मला सांगता येणार नाही. मी म्हणालो, "झालं तर मग. चला, गुंडाळू या."

ताई मात्र हलली नाही. ती आकाशाकडं पाहत होती.

"अहो, तुम्ही ओढायलात," ती म्हणाली.

"काय?"

"दांडा. वर गेला की तुम्ही छातीशी ओढायलात, गच्चीवर ठुमके देता तसे. शंतनूनं फोनवर सांगितलं होतं ना, वारा कमी असला की ओढायचा नाही म्हणून? द्या इकडं."

मला बहिणीचा असा राग आला की विचारू नका. एवढं गप्प बसता आलं असतं तर? पण दाजींनी निमूट पट्टा सोडला आणि तिच्या कमरेला बांधला. ती किरकोळ बाई, म्हणून पट्टा मागून धरून ठेवायचं काम माझ्याकडं आलं. पुंजारामनं पतंग उभा धरला. मी तिच्या कानाशी म्हणालो, "ताई, हा उडाला म्हणजे काय होणार, कळतंय ना तुला?"

"कळतंय. पट्टा नीट धर."

पतंग सुटला. घराच्या उंचीवर येऊन थबकला. ताईनं दांडा ओढला नाही, उलट हात पुढं करून अलगद सैल सोडला. इतक्या संक्रांती चक्री धरलेला हात तो, सोडण्यावरच बसलेला. पतंगानं नाक वर केलं, चढला, चढतच गेला आणि आमच्या डोक्यावर येऊन उभा राहिला. बिडीचा धूरसुद्धा धड हलत नव्हता आणि तो खोलीएवढा पिवळा पतंग वर नुसता तरंगत होता. मग ताईनं त्याला डावीकडून उजवीकडं फिरवला आणि आम्ही दोघं भावंडं धापा टाकत त्याच्यामागं फरफटलो. पुंजाराम टाळ्या पिटायला लागला. दाजी तर नाचायचेच बाकी होते. "उभा आहे! अगं, उभा आहे!" ते ओरडत होते. मीही ओरडलो, खोटं कशाला बोलू.

मग दाजींनी उंचावलेले हात हळूहळू खाली घेतले.

ताईनं पतंग सावकाश खाली आणला. दाजींनी फोन लावला, तो त्यांनी कानापासून जरा लांबच धरला होता.

"शंतनू, पास," ते म्हणाले. "तुझ्या आईनं उभा केला. ओढला की पडतो, एवढं मात्र सोबतच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिही. लोक ओढतात."

पलीकडून तो जे ओरडला ते मलाही ऐकू आलं. मग त्यानं विचारलं, "बाबा, तुम्ही खूश आहात ना?"

"माल चांगला आहे," दाजी म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

पतंगाला फीत बांधायची म्हणून त्यांनी खिशात हात घातला. एक खिसा झाला, दुसरा झाला, शर्टाचा झाला. हातात आली ती लालच. घरून निघताना त्यांनी तेवढीच घेतली होती. दाजी ती फीत हातात धरून उभे राहिले आणि पहिल्यांदाच मला त्यांची थट्टा करावीशी वाटली नाही.

 पाण्याची बाटली बाजूला सारून ताईनं पिशवीच्या तळातून हिरवी फीत काढली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती पतंगाच्या कडेला लावली खरी, पण गाठ काही त्यांना जमेना. ती ताईनंच मारली.