उंटिणीचा ताप

माझा नवरा प्राणिबागेतला उंटवाला. उंटावरचे शहाणे पुष्कळ असतात, माझ्या नशिबी उंटाखालचा आला. लग्न झाल्यापासून घरात विषय एकच, बागेतली ती उंटीण. तिच्या वशिंडात पाणी नसतं, चरबी असते. श्वासातली ओलसुद्धा ती नाकातच अडवून धरते. लघवी पाकासारखी दाट, आणि लेंडी इतकी कोरडी की काडी लावली तर पेटेल. हे सगळं एरवी नाही, ऐन जेवताना ऐकायचं, आणि वर यांना भाजी वाढायची!

हे दिवसभर उन्हात उभे राहायचे, पण पाणी प्यायचे नाहीत. प्यायलं की मुतारी गाठावी लागणार, ती पार फाटकाजवळ, आणि उंटिणीला एकटं सोडलं की लोक तिला खडे मारतात. भरून दिलेली बाटली तशीच घरी यायची. मी ओरडले की म्हणायचे, तिच्याकडे बघ, दिवसचे दिवस मागत नाही. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

मग यांनाच ताप यायला लागला. दुपारी अंग फणफणायचं, पहाटे गार. दवाखान्यात चला म्हटलं, तर मलाच शिकवायला बसले. म्हणे पाणी कमी असलं की उंटीण दिवसा अंग तापू देते, घामात पाणी घालवत नाही, आणि रात्री ते आपोआप निवतं. रोज सकाळी तिच्या मानेला हात लावायचे, गार लागली की यांचा जीव भांड्यात पडायचा. स्वतःच्या कपाळाचीही तशीच परीक्षा. सकाळी गार लागलं ना, मग झालं तर! असली चूक उंटवाल्यानंच करावी. पुढं पाठ दुखायला लागली, लघवी कमी झाली, तर त्याचंही यांना कौतुक.

"बघ, मलाही जमायला लागलं," म्हणाले.

मी ताट आपटलं आणि आत जाऊन रडले. मला भीती वाटत होती, आणि त्या जनावराचा हेवाही.

पायांना सूज येऊन चप्पल चढेना, तेव्हा थोरल्या दिरांनी यांना धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाण्यावाचून आतल्या आत जंतू माजले, दोन्ही मूत्रपिंडं गेली. यांनी हळूच विचारलं, उंटिणीला पाणी कोण दाखवतंय? मी तोंड फिरवलं, नाहीतर तिथंच वाट्टेल ते बोलले असते.

आता यंत्रावर यांचं रक्त धुऊन आणतो. लघवी होतच नाही, त्यामुळं प्यायलेलं पाणी छातीत चढतं. दिवसाचं पाणी डॉक्टरीणबाईंनी ठरवून दिलंय, त्यावर थेंब नाही. ओठांना भेगा पडल्यात, जीभ टाळ्याला चिकटते.

काल यांनी रिकामी वाटी पुढं केली. "एक घोट दे ना गं."

इतक्या वर्षांच्या संसारात यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाणी मागितलं. मी माठ उचलला आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवला.