साहेबाचे बारा चेंडू

परळच्या एका गिरणीत मी पत्रे लिहिणारा कारकून होतो. माझे अक्षर चांगले होते. यात विनय करण्याजोगे काही नाही, कारण त्याखेरीज माझ्यात दुसरे काहीच चांगले नव्हते.

त्या वर्षी आमच्या साहेबाने एकाच आगबोटीने विलायतेहून दोन वस्तू मागवल्या. एक, गोल्फ खेळायच्या नव्या काठ्या, चेंडूंसकट. आणि दुसरी, पत्रे छापायचे यंत्र, टाइपरायटर. साहेबाचे मत असे की माणसाच्या हातावर विसंबण्याचे दिवस संपले. काठी उत्तम असली की चेंडू लांब जातोच, यंत्र उत्तम असले की पत्र सुबक होतेच. दसऱ्यानंतर यंत्र चालवणारा माणूस माझ्या टेबलाशी बसणार, असे मला सांगण्यात आले. मी कुठे बसणार, हे कोणी सांगितले नाही.

अशा वेळी माणूस नको तिथे उपयोगी पडायला जातो. दसऱ्याला साहेबाचा सामना होता, गोदीतल्या एका म्हाताऱ्या इंजिनियर साहेबाशी. नव्या काठ्यांची लोखंडी टोके खाऱ्या हवेने गंजू लागली होती. घरी नेऊन लख्ख करून आणतो, असे मीच म्हटले. साहेबाने सगळी पिशवीच माझ्या हाती दिली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारांची पूजा करायची. आमच्या फणसवाडीच्या घरात हत्यारे कुठली? विळी, अडकित्ता आणि माझा लिहायचा टाक यांवर आम्ही भागवत असू. एवढ्या काठ्या पाहून आई हरखली. चेंडू मात्र तिला आवडले नाहीत. फणसाच्या सालीसारखे त्यांच्या अंगभर बारीक काटे होते. पूजेला बसायचे तर आंघोळ हवी, म्हणून तिने बाराही चेंडू कढत पाण्याच्या पातेल्यात सोडले.

ते चेंडू कसल्याशा झाडाच्या चिकाचे असतात आणि कढत पाण्यात मऊ पडतात, हे आम्हाला कोण सांगणार? आईने पहिला चेंडू बाहेर काढला तो कणकेसारखा दबला. मी उरलेले पळीने भराभर बाहेर काढू लागलो. ती मात्र शांत होती.

"अरे, घाबरतोस काय? वळून देते," ती म्हणाली.

तीस वर्षे लाडू वळलेला हात तो. बाराही चेंडू असे वळले की कुठे खळगा नाही, काटा नाही. रंगाचे पोपडे निघाले होते, त्यावर मी पांढऱ्या रंगाचा हात फिरवला. मग प्रत्येकावर हळदकुंकू वाहिले, आणि दसऱ्याला सकाळी ते पुसून काढले.

साहेब बेहद्द खूश झाला. "हे तर नव्याहून नवे!" म्हणाला. खेळ त्याला कितपत कळत होता, हे मला तेव्हाच कळायला हवे होते.

मैदानात म्हाताऱ्याच्या काठ्या झिजलेल्या, चेंडू ओरखडलेले. ते सणसणत लांब जात. साहेबाचे गुळगुळीत चेंडू जरासे वर चढत आणि मान टाकून खाली येत. काट्यांवाचून चेंडू हवेत टिकत नाही, हे म्हाताऱ्याने सामना संपल्यावर हसत हसत मला सांगितले. साहेबाला नाही सांगितले.

दुसऱ्या दिवशी कचेरीत साहेब आपला उजवा हात उलटसुलट करून पाहत बसला होता. शेवटी म्हणाला, "नवी अवजारे सगळी थोतांड. हात नसेल तर काही नाही. त्या टाइपरायटरची पेटी उघडू नका, परत पाठवा." त्याच्या त्या हातावर एक फूल वाहावे, असे मला वाटले.

घरी हे सगळे मी रंगवून सांगितले. आई हसली नाही.

"चूक माझ्या हाताची, आणि तो बापडा आपल्या हाताला दोष देतोय? उद्या जाऊन सांग त्याला."

मी तिला टाइपरायटर म्हणजे काय ते समजावले. पेटी उघडली तर माझी नोकरी जाईल, असेही स्पष्ट सांगितले.

"तुझं अक्षर चांगलं आहे ना? मग भितोस कशाला?" एवढेच ती म्हणाली. मला तिचा भयंकर राग आला. पण तिच्यापुढे माझे कधी चालले नाही.

मी सांगितले. साहेब ताडकन उठला. मला वाटले, आता मारतो. त्याने माझा हात हातात घेऊन गदगदा हलवला. "म्हणजे चेंडूच! माझा हात नव्हे! वस्तूवरच सगळे असते, मी म्हणत नव्हतो?" आणि त्याने तिथल्या तिथे पेटी उघडायला लावली.

फक्त झाला प्रकार त्याला लेखी हवा होता, क्लबात लावायला. यंत्रावर छापून घेऊ का, असे मी विचारले.

"छे! छापलेल्यावर कोण विश्वास ठेवतो? तू हाताने लिही."

टाकाला पूजेचे कुंकू अजून लागलेले होते. आईच्या हातून चेंडू कसे बिघडले, ते मी सावकाश, वळणदार लिहिले. त्या कचेरीत मी लिहिलेला तो शेवटचा कागद. इतके सुरेख अक्षर मला पुन्हा कधी काढता आले नाही.